बिनमेणाचा धागा

धुळा, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

दहाव्याला कानंदीच्या काठी उंबराखालच्या खडकावर तुझा पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरकायला लागलो. तुझा थोरला, म्हाळू, हात जोडून पुढं उभा होता आणि त्याच्या मागं मी. मी मनाशी ठरवून आलो होतो. मला वाटत होतं, कावळा येणार नाही. लोक ताटकळतील. मग एकेक जण पुढं होऊन काही ना काही कबूल करील. शेरडं सांभाळू म्हणतील, म्हातारीला अंतर देणार नाही म्हणतील. तरीही कावळा लांबच्या फांदीवर बसून राहील. मग मी पुढं होईन आणि वीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट सगळ्यांच्या देखत बोलेन. मी बोललो की तो खाली उतरेल.

घरातून निघताना मी ते शब्दसुद्धा पाठ केले होते. पण आम्ही पुरते मागंही सरकलो नव्हतो, तोवर एक कावळा उतरला, दुसरा उतरला आणि भात उधळला गेला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, "भाग्याचा जीव. कायबी मागं ठिवलं न्हाई." मी पाठ केलेले शब्द तोंडातच राहिले.

आणि मग गेनबा बोलला. गेनबाची जीभ तुला माहीत आहे. तो म्हणाला, "सुटक्या जलमभर सुटत राह्यला, जातानाबी झटक्यात सुटला बगा."

लोक हसले. वाईट मनानं हसले असं नाही, मयताच्या माणसात ताण सैल झाला की हसतात तसे हसले. तुझा म्हाळूसुद्धा हसला, धुळा. बापाचं ते नाव त्याच्या कानाला इतकं सवयीचं झालं आहे की त्यात काही टोचतं हे तो विसरून गेला आहे.

मी हसलो नाही. पण बोललोही नाही.

घरी येऊन मी दौत-टाक काढला. माझे डोळे अधू झाले आहेत आणि हात कापतो, तरी लिहितो. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच. मग मी कुणाला लिहितो आहे, असं घरातले विचारतात. तुलाच लिहितो. तुझ्याशी बोलायची सवय मी स्वतःच मोडली होती, ती पुन्हा लावून घ्यायची तर कुठून तरी सुरुवात करायला हवी.

केरसुणीपासून करतो.

भाटघरचं धरण पुरं झाल्यानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत साहेब दर हिवाळ्यात आपल्या खोऱ्यात तंबू ठोकायचा. ओढ्यानाल्यांचं पाणी मोजायचं काम होतं आणि मी त्याचा कारकून होतो. आठवड्याचे सहा दिवस तो पाणी मोजायचा आणि सातव्या दिवशी त्याच पाण्यात उभा राहून मासे धरायचा. त्याची गळाची तऱ्हा निराळी होती. तो गांडूळ लावत नसे, कणकेची गोळी लावत नसे. गळावर रेशीम आणि पिसं गुंडाळून खोटा किडा बनवायचा आणि तो पाण्यात वाहत सोडायचा. खडस मासा त्याला भुलून यायचा. साहेब खडसाला महाशीर म्हणायचा आणि त्या खोट्या किड्याला माशी म्हणायचा. पण ती उडणारी माशी नव्हे. दगडाखाली राहणारा, अजून पंख न फुटलेला पाणकिडा.

तू दूध घालायला तंबूवर आला होतास. साहेब खुर्चीवर बसून विलायतेहून आलेली माशी मला दाखवत होता. तू खांद्यावरून वाकून पाहिलंस.

"ह्ये काय हाय, गणपा?"

"नदीतला किडा आहे," मी म्हणालो.

"किडा? ही तर केरसुणी हाय."

साहेबानं विचारलं, हा काय म्हणतो. मी म्हणालो, तो म्हणतो, फार सुंदर आहे. पण साहेबाला मराठी जेवढं येत होतं त्यात केरसुणी हा शब्द नेमका होता, कारण त्याच्या बंगल्यावर रोज त्यावरून आरडाओरडा चालायचा. तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "केरसुणी का?"

तू घोंगडी खांद्यावरून टाकलीस, गुडघाभर पाण्यात शिरलास, एक दगड उलटा केलास आणि तळहातावर एक काळपट किडा घेऊन आलास. तो हात साहेबाच्या नाकासमोर धरलास.

"मोज म्हनावं, गणपा. पाय मोज म्हनावं."

साहेबानं चष्मा लावला. किडा तुझ्या हातावर तुरुतुरु चालला. सहा पाय. तीन इकडं, तीन तिकडं आणि प्रत्येकाला मध्ये गुडघा. विलायतेच्या माशीला मात्र गळ्याभोवती पिसाचा झुपका होता, सगळीकडून उभा राहिलेला. खरंच केरसुणी होती ती.

साहेबानं त्याच दिवशी तुझ्या हातात गळ, रेशीम आणि पिसं दिली. गळ पकडायला त्याच्यापाशी टेबलाला लावायचा लोखंडी चिमटा होता. तू तो पाहिलास आणि बाजूला ठेवलास. बांबूची एक चिरफळी घेतलीस, तिच्या तोंडात गळ अडकवलास, वरून वेताचं कडं सरकवलंस आणि ती चिरफळी डाव्या पायाच्या अंगठ्यात नि बोटात धरून बसलास. शेरडाचा मोडलेला पाय बांधताना तू बसायचास, अगदी तसाच. सगळ्या खोऱ्यातून लोक मोडक्या पायाची जनावरं घेऊन डोंगरावरच्या तुझ्या धनगरवाड्यावर चढायचे, तेव्हा त्या हाताला नवं काय होतं? फक्त पाय बारीक होते.

रानकोंबड्याच्या शेपटीच्या पिसाचा एकेक तंतू तू सोडवायचास. केसाएवढा तंतू. त्याला मधोमध एक गाठ मारायचास, तोच गुडघा. असे सहा. मग तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, मेण लावलेल्या रेशमानं बांधायचास. साहेबाचं मेण तुला चालायचं नाही; मेण तू स्वतः मोहोळाचं काढून आणायचास आणि कानाच्या पाळीमागं त्याची एक बारीक गोळी चिकटवून ठेवायचास, अंगाच्या उबेनं मऊ राहावी म्हणून. धागा बोटांत धरून त्या गोळीवरून एकदा ओढला की तुझं काम सुरू.

मी तुला एकदा म्हणालो होतो, "अरे, मासा काय पाय मोजून गिळतो का?"

"मासा न्हाई मोजत."

"मग? गुडघे कशाला करतोस? नुसते पाय लाव की."

"किड्याला गुडघं असत्यात."

"ते मासा बघतो का?"

"मासा न्हाई बगत. म्या बगतो की."

आपला हा वाद पुढं कितीतरी दिवस चालला. मी म्हणायचो, ज्याच्यासाठी करायचं त्याला कळत नसेल तर ते वायाच. तू म्हणायचास, कळत न्हाई म्हनून वंगाळ करायचं व्हय? मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाद काढायचो. तो वाद तसाच राहिला. तुला खरं सांगतो, तू बरोबर होतास हे मला तेव्हाही कळत होतं. मी चिडायचो तो त्याचमुळं.

चिडण्याची आणखी कारणं होती. साहेब तंबूतल्या सगळ्यांसमोर म्हणाला होता, "गणपत, तुझं अक्षर चांगलं. पण या माणसाचं बोट चांगलं." माझ्या अक्षरावर मी आजवर जगलो होतो. दोन तालुक्यांत माझ्याएवढं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं आणि तू, ज्याला स्वतःचं नाव काढता येत नव्हतं, तू माझ्या पंगतीत येऊन बसला होतास. एवढंच काय, वरच्या पाटावर बसला होतास. भोरच्या बाजाराला गेलो की मी लोकांना सांगायचो, धनगराला मीच शिकवलं. ही पहिली खोटी गोष्ट. ती अजून कुणी खोडलेली नाही, म्हणून आज मी खोडतो. मी तुला काही शिकवलं नाही. दगडाखाली काय असतं हे बघायला तूच मला शिकवलंस. आजही मी नदीवर गेलो की वाकून एखादा दगड उलटा करून बघतो आणि पाय मोजतो.

आता त्या दिवसाची गोष्ट.

पुण्याहून साहेबाचा वरिष्ठ यायचा होता. साहेबानं त्याला पत्रांतून तुझ्या सहा पायांच्या माशीचं फार कौतुक लिहिलं होतं. ती पत्रं मीच नकलून काढली होती. त्याच्यासाठी साहेबानं तुला बारा माश्या करायला सांगितल्या. आदल्या दिवशी दुपारी तू डबी घेऊन आलास. आत अकरा होत्या.

"बारावी?" मी विचारलं.

"मेण सरलं. उंद्या मोहळाला जातो, परवा देतो."

"परवा काय करायची? पाहुणा उद्याच आहे. एकाला मेण नसलं म्हणून काय होतंय?"

"मेणाबिगर न्हाई गणपा."

"अरे, डबी अर्धीमुर्धी बरी दिसेल का?"

"अकरा हायेत. मासं धराया अकरा लई झाल्या." आणि डबी माझ्यापाशी ठेवून तू गेलास.

तू गेल्यावर मी तुझी ती चिरफळी घेतली. तंबूत कुणी नव्हतं. गळ अडकवला, पिसं घेतली. साहेबाच्या गळाला मागं दोरा ओवायचं भोक नसायचं. त्यामुळं आधी तात, म्हणजे गळाची ती चिवट दोरी, गळाच्या दांड्याला लावून रेशमानं आवळून बांधायची आणि मग त्याच्यावरच अंग नि पाय चढवायचे. म्हणजे मासा लागला की सगळा भार त्या रेशमाच्या गुंडाळीवर. हे मला चांगलं माहीत होतं. साहेबापाशी मेणाची एक वडी होती, तीही माझ्या हाताशी होती. पण मेण लावलं की बोटं चिकट होतात आणि मला संध्याकाळी साहेबाचे दोन कागद नकलायचे होते. कागदाला डाग पडला असता. म्हणून मी मेण लावलं नाही. एवढंच कारण, धुळा. अक्षर स्वच्छ राहावं म्हणून.

पाय बांधले. गुडघे वाकडे झाले, एका बाजूला चार पाय झाले, एक कापून टाकला. तुझ्यापेक्षा जाडजूड अशी ती माशी झाली. मी ती डबीत कोपऱ्यात ठेवली. माझ्या मनात काय होतं, तेही सांगतो. पाहुण्यानं बाराही माश्या बघाव्यात, वाहवा म्हणावं आणि त्या वाहवेतला बारावा हिस्सा माझा असावा. कुणाला कळणार नाही, पण मला कळेल.

दुसऱ्या दिवशी डोहावर आपण सगळे होतो. पाहुण्यानं डबी उघडली, हातातल्या काडीनं एकेक माशी उलटी करून पाहिली आणि अकरा सोडून नेमकी माझी उचलली. बहुतेक मोठी होती म्हणून. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नुसतं म्हणायचं होतं, साहेब, ती नको, दुसरी घ्या. पण मला आनंद झाला. खरंच आनंद झाला. त्यानं माझी निवडली म्हणून.

तिसऱ्या फेकीला मासा लागला. एवढा खडस त्या डोहात असेल असं तुलासुद्धा माहीत नव्हतं. तू काठावर जाळी घेऊन उभा होतास आणि "सोड, सोड, वढू नगंस" असं साहेबाच्या वरिष्ठाला मराठीत सांगत होतास. तोही जणू कळल्यासारखा सोडत होता. मासा एकदा पाण्यावर आला, तांब्याच्या परातीसारखा चमकला आणि धारेला लागला. मग गळाची वाकलेली काठी एकदम सरळ झाली.

तात रिकामी आली. टोकाला रेशमाचा एक पीळ उलगडून लोंबत होता. माशी, गळ, पाय, सगळं माशाबरोबर गेलं.

पाहुण्यानं टोपी नीट केली. आपला साहेब कानापर्यंत लाल झाला आणि माझ्याकडं वळला. "गणपत, कुणी बांधली?"

मी म्हणालो, "डबी धुळाची, साहेब."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. डबी तुझीच होती. आयुष्यभर कागद लिहिले त्याचा हा उपयोग. खोटं कसं खरं करून लिहावं हे मला बोलतानासुद्धा जमलं.

साहेबानं ती तात तुझ्या हातात दिली. तू लोंबता धागा अंगठा आणि बोटातून एकदा ओढलास. मग नाकाला लावलास. मोहोळाच्या मेणाचा वास कितीही पाण्यानं जात नाही. त्या धाग्याला वास नव्हता. तू मान वर केलीस आणि माझ्याकडं बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तू वाट बघत होतास. एखाद्याला ठेच लागली की तो उठतो का, हे आपण थांबून बघतो, तसा.

साहेब म्हणाला, "तुझी?"

तू तरीही थांबलास. मी पाण्याकडं बघितलं.

मग तू म्हणालास, "डबी माझी हाय, सायेब."

माझेच शब्द. तेच, तेवढेच. त्यातही खोटं काही नव्हतं.

साहेबानं तुला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. उरलेल्या अकरा माश्या त्यानं डबीसकट डोहात फेकल्या. त्या अकरांतली एकही सुटली नसती, हे तिथं उभ्या असलेल्या दोघांना माहीत होतं. तू जाळी काठावर ठेवलीस, धोतराचा ओला सोगा पिळलास आणि वर निघून गेलास.

तंबूचं सामान वाहणाऱ्यांत गेनबा होता. त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत गावात तुझं नाव सुटक्या पडलं. ज्याची गाठ सुटते तो. गंमत म्हणून पडलं आणि राहिलं. साहेब पुढच्या साली बदलून गेला, त्याच्या माश्या गेल्या, आता तर म्हणतात सगळेच साहेब जायला निघालेत. नाव मात्र राहिलं. लोकांनी मोडक्या पायाची जनावरं तुझ्याकडं आणायची कमी केली, मग बंद केली. शिव्या देऊन नाही. नुसतं, "कशाला एवढा डोंगर चढायचा, त्येची गाठ काय टिकंल," असं म्हणून. खोऱ्यातली किती जनावरं त्यापायी लंगडी राहिली असतील ते देवाला ठाऊक. तुझ्या लेकांना लोक सुटक्याची पोरं म्हणायचे. म्हाळूचं लग्न ठरताना मुलीकडच्यांनीही विचारलं होतं म्हणे, सुटक्याचं घर ते हेच का.

त्या पावसाळ्यात माझी बायको तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज सकाळी आमच्या ओट्यावर झाकण लावलेला दुधाचा लोटा असायचा. शेळीचं दूध. कोण ठेवून जातं ते विचारायची गरज नव्हती. ती उठून बसली आणि लोटा यायचा बंद झाला. मी रिकामे लोटे परत पाठवले, स्वतः आलो नाही.

एकदाच आलो, वर्षं उलटल्यावर. आमची पाट, तरणी शेळी, दगडावरून घसरली आणि तिचा पुढचा पाय मोडला. बायको म्हणाली, धुळाभावजींकडं न्या. मी म्हणालो, लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना? ती म्हणाली, "लोकांचं ऱ्हाऊ द्या. माज्या तोंडात त्येंचं दूध हाय." मग मी शेळी खांद्यावर घेऊन तुझ्या वाड्यावर चढलो.

तू काही विचारलं नाहीस. बांबूच्या चिरफळ्या काढल्यास, घोंगडीची पट्टी फाडलीस, शेळीला माझ्या मांडीवर आडवी घातलीस. वाटेनं मी ठरवत आलो होतो, बोलायचंच. "धुळा, त्या दिवशी डोहावर..." मी सुरुवात केली.

"पाय धर."

"नाही, ऐक, ती माशी..."

"गणपा, पाय धर. हालवू नगंस. बोलनं मागनं. आदी पाय."

मी पाय धरला. तू हाडाला हाड जुळवलंस, चिरफळ्या लावल्यास, पट्टी आवळलीस. तुझं डोकं माझ्या अगदी जवळ होतं. कानाच्या पाळीमागं मेणाची गोळी होती, तशीच. कुणी काम आणत नव्हतं, तरी तू ती ठेवत होतास. गाठ मारलीस. एकदा ओढून बघितलीस. मग मागं टेकून बसलास, हात पुसलेस आणि माझ्याकडं बघून म्हणालास,

"बोल आता."

मी म्हणालो, "काही नाही. शेळीला उभी कधी करू?"

तू उरलेल्या चिरफळ्या गोळा केल्यास. "येक म्हयना," म्हणालास.

शेळीचा पाय बरा झाला. पुढं ती पाच-सहा वेळा व्याली. ती आमच्या दारात चालायची तेव्हा मी दुसरीकडं बघायचो.

धुळा, इथवर लिहून मी दोन दिवस कागद बाजूला ठेवला होता. तोवर तुझा तेरावा आला.

जेवणं तुझ्या वाड्यावर होती. पंगत बसली. म्हाळू वाढत होता. गेनबा माझ्या समोरच्या रांगेत होता. कुणीतरी त्याला म्हणालं, "आता कुणाची फिरकी घ्यायची रं गेनबा? सुटक्या तर ग्येला." गेनबा भाताचा घास मळत म्हणाला, "नाव हाय की. नाव कुटं ग्येलंय?" आणि मान वळवून म्हाळूकडं बघितलं.

म्हणजे ते नाव आता म्हाळूकडं जाणार होतं. मग त्याच्या लेकाकडं.

माझा हात पानावरून उचलला गेला. मी उभा राहिलो. भरल्या पंगतीतून कुणी उठत नाही, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. पाठ केलेलं एक वाक्यही आठवलं नाही. मी म्हणालो, "ती माशी धुळाची नव्हती. मी बांधली होती. मेण लावलं नव्हतं. डबीत मीच घातली आणि साहेबानं विचारलं तेव्हा त्याचं नाव घेतलं. त्याची गाठ कधी सुटली नाही. माझी सुटली."

बाहेर शेरडांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

तुझी ठकूबाई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आमाला ठाव हाय, भावजी."

"कुणी सांगितलं?"

"त्येंनीच. त्या दिशी घरी आल्याआल्या. म्हनले, गणपाची गाठ व्हती."

"मग वहिनी, तुम्ही एवढी वर्षं..."

"म्या लई भांडले. म्हनलं, चला चावडीवर, सांगू समद्यास्नी. तर म्हनायचे, माझ्या सांगन्यानं काय हुतंय, त्यो सांगंल. त्येला कळतंय. त्यो सांगंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "शेळी घिऊन आलासा न्हवं तुमी? त्या दिशी लई खूस व्हते. तुमी ग्येल्यावर चुलीपुडं बसले नि म्हनले, आला व्हता गं. तोंडापातुर आलं व्हतं त्येच्या. म्याच आदी पाय धर म्हनलो. म्याच आडवं आलो."

धुळा, तू त्याचाही दोष स्वतःकडं घेतलास.

मी तिला म्हणालो, "वहिनी, मला..."

ती म्हणाली, "बोललासा ते बरं झालं. पर माज्या म्हाळूच्या मिशा पिकाया लागल्या, भावजी."

तिनं मला क्षमा केली असं मी लिहिणार नाही. तिनं तसं म्हटलं नाही आणि मी तसं समजूनही घेणार नाही.

म्हाळू भाताचं पातेलं हातात धरून उभाच होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. आईनं त्याला कधी सांगितलं नव्हतं, कदाचित तूच सांगू दिलं नसशील. तो माझ्या पानापाशी आला. पळी माझ्या पानावर धरली आणि तसाच थांबला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यानं भात वाढला. वर आमटी घातली. "बसा," म्हणाला. मी बसलो आणि जेवलो. ते जेवण पानात टाकण्याचा हक्क मला नव्हता.

उठताना गेनबा हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी इतकी वर्सं आमी भलत्यालाच म्हनत हुतो." मग तांब्या उचलून हात धुवायला गेला.

त्याला आता चार दिवस झाले. आज सकाळी वरच्या वाडीतला एक माणूस म्हाळूकडं कालवड घेऊन गेल्याचं कळलं. तिच्या मागच्या पायाला लागलं आहे. म्हाळूला तुझं काम येतं की नाही, मला ठाऊक नाही. तू त्याला शिकवलं असशील, असं वाटतं. तू चिरफळ्या घेऊन बसलास की तो तुझ्यासमोर बसायचा, एवढं आठवतं.

आणि एक सांगायचं राहिलं. मघाशी मी नदीकडं निघालो होतो. पारावर चार-पाच जण बसले होते, त्यात गेनबा होता. मी पुढं गेलो तेव्हा मागून हाक आली. आवाज त्याचाच होता आणि थोडा चाचरत होता. माझ्या वयाचा मान ठेवावा की नाही, हे त्याचं त्यालाच ठरत नसावं.

"काय सुटके, कुटं निगालासा?"

पारावरचे बाकीचे माझ्याकडं वळले. मी काय करतो ते बघत होते.

मी वळलो. म्हणालो, "ओ. नदीवर चाललोय."

मग काठाशी जाऊन बसलो. एक दगड उलटा केला. खाली किडा होता. त्याचे पाय मोजले. सहा होते, धुळा, आणि सगळ्यांना गुडघे होते.